सूर्यकाकांचं कृष्णविवर

तारांगणातला सूर्य सूर्यकाकांच्या अंगठ्यानं उगवायचा. खेळ संपत आला की ते डाव्या हातानं तारे हळूहळू मंद करत, उजव्या अंगठ्यानं पूर्वेकडचा केशरी दिवा वर चढवत, आणि घुमटाखाली माना वर करून बसलेली माणसं न ठरवता एकदम "आहा" म्हणत. मग कडेचे दिवे लागायचे, खुर्च्या खटाखट मिटायच्या, आणि एखादं पोर जाताजाता मागच्या काचेच्या खोलीकडं बघून हात हलवायचं. सूर्यकाका हे नाव शाळेच्या मुलांनीच ठेवलेलं. काकांना ते आवडत नाही असं ते स्वतः सांगायचे. "सूर्य कसला, बल्ब आहे तो," म्हणायचे. पण कोणी खऱ्या नावानं हाक मारली तर आपल्यालाच बोलावलंय हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागे.

माणूस मवाळ, पण धुळीच्या बाबतीत जमदग्नी. घुमटाच्या मधोमध तारे पाडणारा मोठा काळा गोळा होता. त्याच्या पोटात दिवा आणि अंगभर बारीक भोकं पाडलेल्या धातूच्या चकत्या. एकेक भोक म्हणजे एकेक तारा. काका रोज सकाळी मऊ ब्रशनं ती भोकं झाडायचे, आणि महिन्यातून एकदा उंच शिडी लावून घुमटाचा पांढरा पत्रा पुसायचे. आकाशावर डाग पडलेला त्यांना खपत नसे. खेळात तारे दाखवत बोलणारी निवेदिकाबाई त्यांना चिडवायची, "काका, खरं आकाशसुद्धा एवढं स्वच्छ नसतं हो. लोक घरी जाऊन तक्रार करतील." काका म्हणायचे, "त्याची देखभाल माझ्याकडे नाही."

त्यांची एकुलती एक लेक याच काचेच्या खोलीत वाढली म्हटलं तरी चालेल. आई शिवणकाम करायची, सुया-कात्र्यांच्या पसाऱ्यात पोर नको म्हणून सुट्टी लागली की बाप तिला बरोबर घेऊन यायचा. एका स्टुलावर ती, एका स्टुलावर ते. कुठली चकती कुठल्या ताऱ्यांची, कुठला तारा लालसर, कुठला मुळात दोन ताऱ्यांची जोडी, हे सगळं तिला वाचता येण्याच्या आधी येत होतं. पुढं ती शिकत गेली, शिकत शिकत घरापासून लांब गेली, आणि आकाशाचाच अभ्यास करणारी झाली. तेव्हा काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गल्लीतल्या न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत एकही माणूस त्यांनी सांगायचा सोडला नाही.

सुरुवातीची काही वर्षं मजेत गेली. लेकीचा फोन आला की ती एखाद्या ताऱ्याचं नाव घ्यायची, आणि काका लगेच म्हणायचे, "तो होय! मृगाच्या खाली, जरा डावीकडं." दोघं तासभर बोलत बसायची आणि आई शेवटी फोन ओढून घेऊन "जेवतेस का वेळेवर?" एवढं विचारून घ्यायची. मग लेकीनं विषय बदलला. ती कृष्णविवरांच्या मागं लागली. मोठमोठे तारे मरताना मागं उरणारी, दाट, काळी, उजेड बाहेर न सोडणारी ती कृष्णविवरं आपल्या आकाशगंगेतून कशी हिंडतात, हे ती शोधू लागली. आता ज्या वस्तूचा उजेडच पडत नाही, तिच्याबद्दल दिवे लावणारा माणूस काय बोलणार?

काकांनी प्रयत्न केला. "काम काय म्हणतंय?" असं ते दर वेळी विचारायचे. लेक म्हणायची, "चाललंय, बाबा." त्यांनी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "सोपं करून सांगू?" आणि मग सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. गोड व्हायचा, सावकाश व्हायचा. तो आवाज काका चांगला ओळखत होते. निवेदिकाबाई बालवाडीच्या मुलांसाठी काढायची तोच तो आवाज. काका "हो का, वा, वा" म्हणायचे आणि फोन बायकोच्या हातात द्यायचे. त्यांना वाईट वाटायचं. चांगलंच वाईट वाटायचं. लेकीशी भांडण नव्हतं, अबोला नव्हता, माया दोन्हीकडून तशीच होती, पण पूर्वीसारखं बोलणं उरलं नव्हतं. फोन आता पाच मिनिटांत संपायचा आणि आईच जास्त बोलायची.

त्या वर्षी लेक मोठी रजा घेऊन घरी यायची होती. काकांनी मनाशी ठरवलं की या वेळी आपण तिचं कृष्णविवर घुमटावर फिरवून दाखवायचं. एकदा ते आपल्या घुमटावर आलं की आपल्याला त्यावर बोलता येईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांनी निवेदिकाबाईला सांगितलं, "नव्या खेळात कृष्णविवर घालूया." ती म्हणाली, "घाला की. पण दाखवणार काय?" काका म्हणाले, "ते माझ्यावर सोडा."

त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची गोल चकती कापली, तारेच्या टोकाला लावली, आणि जुन्या टेबलफॅनची मान हलवणारं यंत्र काढून ती त्यावर बसवली. यंत्र चालू केलं की चकती गोळ्यासमोरून संथपणे सरकायची आणि तिची सावली ताऱ्यांना झाकत पुढं जायची. लेक आल्यावर पहिल्याच खेळाला काकांनी तिला आईसकट मधल्या रांगेत बसवलं. निवेदिकाबाईनं गंभीर आवाजात सुरुवात केली, "आणि आता, मित्रहो, या अंधारातून येत आहे..." तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक आजोबा ओरडले, "पाल! अहो, छतावर पाल आहे, पाल!"

पुढं जे झालं ते विचारू नका. बायकांनी पदर आणि ओढण्या डोक्यावर घेतल्या, मुलांनी पाय वर घेतले, कुणीतरी "पडली, पडली" अशी आवई उठवली. कृष्णविवर बिचारं टेबलफॅनच्या चालीनं टोकाला पोचलं आणि वळून परत आलं, त्याबरोबर दुसरी किंकाळी उठली. शेवटी काकांना दिवे लावावे लागले. त्या उजेडात त्यांना काचेतून लेक दिसली. ती पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि शेजारी तिची आई हसू नये म्हणून तोंडावर रुमाल धरून बसली होती.

खेळानंतर बापलेक तारांगणाच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत बसले. आई आजोबांची समजूत काढायला थांबली होती.

"बाबा, रागावू नका हं," लेक म्हणाली. "पण आकाश मुळातच काळं. त्याच्यावर काळी टिकली लावून ती दिसायची कशी? तुमची दिसली, कारण ती परातीएवढी होती. खरं कृष्णविवर एखाद्या मोठ्या शहराएवढं असतं. एवढ्या पसाऱ्यात ते म्हणजे काहीच नाही."

"पण ते सगळं गिळत सुटतं ना?"

"नाही हो, कुठलं गिळतंय. अगदी जवळ गेलात तर गोष्ट वेगळी. लांबून तेवढ्याच वजनाचा तारा आणि ते, दोघांची ओढ सारखीच. आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरतो तसंच तेही फिरतं, सगळ्यांच्या बरोबरीनं. वीस-बावीस कोटी वर्षांत एक फेरी."

"मग तुम्ही लोक नेमकं शोधता काय?"

लेकीनं कप खाली ठेवला. "काहींना जन्मताना धक्का बसतो. तारा फुटताना एका अंगाला जास्त जोरात फुटला, की मागं उरलेलं कृष्णविवर दुसऱ्या अंगाला फेकलं जातं. मग ते वर-खाली हेलकावे घेत फिरत राहतं. आणि काही अगदी गुपचूप जन्मतात. धक्का नाही, काही नाही. कुणाला किती बसला, ते त्यांच्या चालीवरून काढायचं."

"चाल कळते कशी? दिसत तर नाही."

"दुसऱ्यांवरून कळते. कृष्णविवर एखाद्या लांबच्या ताऱ्यासमोरून गेलं, की त्या ताऱ्याचा उजेड वाकतो. तारा थोडे दिवस उजळतो, जागेवरून किंचित सरकल्यासारखा दिसतो, आणि ते निघून गेलं की पुन्हा होता तसा."

काका पुढं सरसावून बसले. कितीतरी दिवसांनी लेक त्यांच्याशी धड बोलत होती. "म्हणजे उजेड वाकतो तो नेमका कशामुळं?" त्यांनी विचारलं.

लेकीनं त्यांच्याकडं बघितलं, हसली, आणि तिचा तो गोड, सावकाश आवाज आला. "असं समजा बाबा, की एक मोठ्ठी चादर ताणून धरलीय, आणि तिच्यावर एक जड जड चेंडू ठेवलाय..." काका चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती. तिचं झाल्यावर ते "वा" म्हणाले. ती म्हणाली, "हे घुमटावर नाही हो दाखवता येणार. कशाला त्रास घेता?" आणि त्यांच्या हातावर प्रेमानं थोपटून आईला बघायला उठून गेली. पाल म्हटल्याचं काकांना काही वाटलं नव्हतं. ते थोपटणं मात्र फार लागलं.

दोन दिवस ते घरात गुमसुम वावरले. लेक मैत्रिणींना भेटायला गेली होती. बायको काचेचं कपाट पुसायला बसली आणि तिनं त्यांच्या हातात एक ग्लास दिला, "हा धरा जरा." उंच दांडीचे ते ग्लास तिच्या थोरल्या बहिणीनं लग्नात दिले होते. तेव्हापासून ते कपाटात होते. त्यातून पाणीसुद्धा कुणी प्यायलं नव्हतं. पुसायला काढायचे आणि परत ठेवायचे, एवढाच त्यांचा संसार. काकांनी ग्लास उपडा धरला आणि सहज बुडातून खाली बघितलं. शिलाई मशीनवर एका गिऱ्हाइकाचं कापड पसरलेलं होतं, गडद निळं, त्यावर पांढरे ठिपके. ग्लासचा गोल तळ मध्ये जाड आणि कडेला पातळ होता. काकांनी तो कापडावरून सरकवला, तसा एक ठिपका फुगला, लांबट झाला, बाजूला घसरला, आणि तळ पुढं गेल्यावर मुकाट्यानं जागेवर येऊन बसला. मग दुसरा. मग तिसरा.

"अगं," काका म्हणाले, "हा मला हवाय."

"पाहुणे यायचेत का?"

"नाही. दांडी कापायचीय याची."

बायकोनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "ताईनं दिलेत ते."

"ताई तरी कधी प्यायली त्यातून?"

"प्रश्न प्यायचा नाहीये," ती म्हणाली. मग त्यांच्या हातातल्या ग्लासकडं आणि मशीनवरच्या कापडाकडं तिनं आलटून पालटून बघितलं. शिवणाऱ्या बाईची नजर ती, ठिपके हललेले तिलाही दिसले असावेत. "तिच्यासाठी करताय ना? न्या. पण सेट मोडला हे ताईला तुम्ही सांगायचं. मी नाही तोंड देणार."

त्या दिवसापासून काकांना जेवणखाण सुचेना. तारांगणात त्यांनी पूर्वी स्वतः बनवलेला एक छोटा प्रोजेक्टर होता. त्यात काळ्या रंगानं रंगवलेली काचेची गोल चकती होती आणि तिच्यावर त्यांनी सुईच्या टोकानं खरवडून आख्खी आकाशगंगा काढली होती, वरून बघितल्यावर दिसेल तशी, वळणदार हातांसकट. मागून दिवा लावला आणि चकती मोटरवर फिरवली की घुमटावर आकाशगंगा संथपणे फिरू लागे. तिच्यासमोरून हा ग्लासचा तळ न्यायचा, की झालं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. प्रोजेक्टरच्या भिंगातून गेलेलं चित्र उलटं पडतं. चकतीवर डावीकडं सरकलं ते घुमटावर उजवीकडं सरकतं. त्यामुळं या खोलीतलं सगळं उलटं जोडावं लागतं, आणि इतकी वर्षं उलटं जोडून काकांच्या हाताला तेच वळण पडलं होतं. घरी दाराला कडी बसवली तरी ती उलटी बसायची आणि बायको ती सुतार बोलावून सुलटी करून घ्यायची.

काकांनी तळ आधी चकती आणि भिंग यांच्या मधल्या फटीत बसवला आणि हाताच्या सवयीनं मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या. तिथं ते बरोबरच होतं. पण दिव्याच्या आचेनं काच तापली आणि तिला धरणाऱ्या चिमट्याचं प्लास्टिक वास मारू लागलं. म्हणून काकांनी तो सगळा जुगाड उचलून भिंगाच्या पुढं, मोकळ्या हवेत आणला. काच गार राहिली, ताऱ्यांचं फुगणं-घसरणं आणखी रेखीव दिसू लागलं. काका खूश. चाचणी घेताना आकाशगंगेची चकती त्यांनी थांबवूनच ठेवली होती, कारण तिचा पट्टा जुना झाला होता आणि तो रविवारच्या खेळासाठी जपायचा होता. तळ इकडून तिकडं जातोय, तारे हलताहेत, एवढं त्यांनी बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. वायरी मात्र पूर्वीच्याच राहिल्या.

लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. निवेदिकाबाईनं तिला गोड बोलून गळ घातली, "रविवारी सकाळी तुम्हीच आकाशगंगेवर बोला ना. मी रोजच बोलते, लोक मला कंटाळलेत." लेक तयार झाली. रविवारी घुमट खच्चून भरला. पालवाले आजोबाही आले होते, यावेळी टोपी घालून.

लेकीनं छान बोलायला सुरुवात केली. घुमटावर आकाशगंगा उमटली आणि घड्याळाच्या काट्यांसारखी मंद फिरू लागली; वरच्या अर्ध्यातले तारे डावीकडून उजवीकडं सरकू लागले. "हे सगळे तारे एकाच दिशेनं चाललेत," ती सांगत होती. "आपला सूर्यही यांच्यातच कुठंतरी, हातात हात घालून चालल्यासारखा." काकांनी दुसरी मोटर चालू केली.

वरच्या अर्ध्यातला, कडेचा एक तारा फुगला. उजळला, बाजूला सरकला, आणि परत जागेवर आला. मग त्याच्या पुढचा. मग एकदम दोन. अंधारात काहीच नव्हतं, आणि तरी त्या गर्दीतून काहीतरी चाललं होतं, हे लहान पोरालाही कळत होतं. "ते बघ, ते बघ," अशी कुजबुज उठली. पाल कुणी म्हणालं नाही. लेक बोलताबोलता थांबली. काचेमागं काकांची छाती फुगली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

तिथले तारे डावीकडून उजवीकडं चालले होते आणि कृष्णविवर उजवीकडून डावीकडं. "सगळ्यांच्या बरोबरीनं" असं लेकीनं स्वच्छ सांगितलं होतं, आणि यांचं कृष्णविवर जत्रेत उलटं घुसलेल्या माणसासारखं सगळ्यांच्या अंगावर चाललं होतं. काकांचं धाबं दणाणलं. वायरी फळीच्या आत, फळी स्क्रूनं आवळलेली. मोटर बंद करावी तर ते मध्येच थिजून उभं राहणार, चालू ठेवावी तर चूक सगळ्यांना दिसत राहणार. भर सभेत, लेकीच्या विषयात, तिच्याच बोलण्याच्या उलट! त्यांचा हात बटणावर गेला आणि तिथंच राहिला. खाली लेक अजून गप्पच होती. आता ही काय सांगणार लोकांना, या विचारानं त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हे बघताय ना?" लेकीचा आवाज आला. जरा वेगळाच आला. "सगळे एका बाजूला चाललेत आणि हे एकटं उलट चाललंय. अशी कृष्णविवरं खरंच असतात. क्वचित असतात, पण असतात. याला जन्मताना कुणी धक्का दिलेला नाही. हे मुळात इथलं नाहीच. फार पूर्वी ताऱ्यांचा एक छोटा घोळका बाहेरून आपल्या आकाशगंगेत आला आणि इथल्या ओढीनं विस्कटून गेला. त्याच्यातले तारे अजून त्यांच्या जुन्या वाटेनं चालतात. हे त्यांच्यातलंच. आपल्याला उलटं वाटतं, पण ते आलं तेव्हापासून याच दिशेनं चाललंय." तिनं वर काचेच्या खोलीकडं बघितलं. "आम्ही सध्या अशाच एकाचा अभ्यास करतोय."

कृष्णविवर घुमटाच्या दुसऱ्या कडेला पोचलं, शेवटचा एक तारा उजळून शांत झाला, आणि टाळ्या पडल्या. काकांनी डोळे उघडले. सूर्य उगवायची वेळ झाली होती. त्या दिवशी तो जरा घाईनंच उगवला.

दिवे लागायच्या आत लेक जिना चढून काचेच्या खोलीत आली. धापा टाकत होती. "बाबा! तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"उलटं चालणारं! मी आईलासुद्धा बोलले नाहीये त्याच्याबद्दल. अजून आमचं आमच्यातच चाललंय. तुम्ही वाचलंत कुठं? कुणाला विचारलंत?"

ती त्यांच्याकडं बघत होती, आणि ती नजर काकांनी फार वर्षांनी बघितली. बाबांना सगळं माहीत असतं, अशी ती नजर. "वाचलं थोडंफार," हे दोन शब्द त्यांच्या ओठावर आले होते. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. लेक खूश होती, तेही खूश झाले असते, आणि पुढच्या फोनला ती त्या गोड आवाजात बोलली नसती. पण मग ती काहीतरी विचारणार, आपण मान डोलावणार, ती आणखी विचारणार, आपण आणखी डोलावणार. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून केलेल्या या खटाटोपातून मान डोलावण्याचीच नवी नोकरी लागायची, हे त्यांना दिसलं.

"वायरी उलट्या जोडल्या गं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे चुकलं माझं. ते सगळ्यांच्या बरोबरच जायला हवं होतं, तू कॅन्टीनमध्ये सांगितलंस तसं. आधी भिंगाच्या मागं बसवलं होतं, तिथं उलटं जोडतात. मग पुढं आणलं आणि वायरी बदलायच्या राहिल्या. मला त्यातलं काहीएक माहीत नव्हतं."

लेकीनं त्यांच्याकडं बघितलं, मोटरकडं बघितलं, ग्लासच्या तळाकडं बघितलं. "हा मावशीचा ग्लास आहे?" तिनं विचारलं, आणि ती जी हसत सुटली ती थेट जमिनीवर बसली. काकाही हसले. पण त्यांचं हसू लवकर संपलं.

"एक सांगू?" ते म्हणाले. "तू मला सांगतेस ना, लहान मुलांना सांगतात तसं, चादर आणि चेंडू, ते नको सांगत जाऊ. त्यानं मला काही कळत नाही. नुसतं एवढंच कळतं की तू मला सोडून दिलंस."

लेकीचं हसणं थांबलं. खाली निवेदिकाबाई माणसांना दाराकडं वळवत होती, तिचा आवाज येत होता. "तसं नव्हतं हो, बाबा," लेक म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला कंटाळा येईल. आणि खरं सांगू? मला स्वतःलाच त्यातलं सगळं कळलेलं नाहीये. सोपं सांगितलं की ते झाकून जातं."

"कुठं अडलीयेस?"

हा प्रश्न तिला कुणी घरात विचारला नव्हता. ती उठली, कपडे झटकले, आणि भिंतीकडचं दुसरं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. "त्या उलट्या कृष्णविवराच्या बाबतीतच अडलंय," ती म्हणाली. "ते ज्या घोळक्यातून आलं, त्यातले आणखी तारे सापडायला हवेत. काही सापडलेत असं वाटतं, पण त्यांची चाल नीट जुळत नाही. माझं चुकतंय की माझ्या गुरूंचं, तेच कळेना. वेळ लागेल सांगायला."

"संध्याकाळपर्यंत खेळ नाही," काका म्हणाले.

ती सांगू लागली, नेहमीच्या, भराभर, मध्येच अडखळणाऱ्या आवाजात. त्यातलं निम्मं काकांच्या डोक्यावरून गेलं. थोड्या वेळानं त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि म्हणाले, "थांब, हे कळलं नाही, परत सांग." ती चिडली. "बाबा, आत्ता तर सांगितलं!" म्हणाली, आणि परत सांगितलं.